सातव्या खणातलं पाऊल

पडदा वर जाऊ द्या. सावकाश, दोऱ्या जुन्या आहेत.

डावीकडे खिडकी. तिच्या गजांना सुतळीनं बांधलेली काठी आणि काठीवर वाळत घातलेला फडका. उजवीकडे दोन बर्नरची शेगडी, त्यातला एक बर्नर कायमचा रुसलेला. मधोमध बुटकं टेबल. त्याचे चारही पाय वेगवेगळ्या घडणीचे, कारण ते चार वेगवेगळ्या नाटकांतल्या सिंहासनांचे आणि पलंगांचे आहेत. फळीवर ओळीनं मांडलेल्या पांढऱ्या साबणाच्या वड्या, महिनाभर वाळायला ठेवलेल्या. आणि टेबलावर, जिथं प्रकाशाचा झोत पडायला हवा नेमका तिथं, एक लाकडी साचा. दोन ओळी, ओळीत चार खण. एकूण आठ.

आता ती येते. आम्ही नट मंडळी रंगमंचावर तोंड पुढं करून यायचो, ही पाठमोरी यायची. दोन्ही हातांत तेलाचं पातेलं असायचं, म्हणून दार पाठीनं ढकलायची सवय. बुटकी, रुंद, बाह्या कोपराच्या वर सरकवलेल्या, हातांवर कॉस्टिक सोड्याचे पांढुरके डाग. आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे फेसमावशी म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, मी ते कधी वाचलं नाही.

त्या कंपनीत मी बावीस वर्षं राण्या केल्या. आधी पट्टराण्या, मग टाकलेल्या राण्या, वय झाल्यावर राजमाता. मावशी कपडेपट सांभाळायची. कपडे धुवायची, उसवलेलं शिवायची आणि प्रयोग संपल्यावर आमच्या तोंडाचा रंग उतरवायची. हे शेवटचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, तिनंच ते ओढून घेतलं होतं. तेव्हाचा रंग तेलात कालवलेला, दाराला लावायच्या रंगाचा सख्खा भाऊ. दुकानातल्या साबणानं तो खरवडून काढला की गाल फुटायचे. मी नवीन होते तेव्हा माझ्या हनुवटीवर पुरळ उठून त्याची खपली धरली होती. मावशीनं एक दिवस हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं.

"राणीसरकार, राज्य करायचंय की खाजवायचंय?"

तेव्हापासून शेवटपर्यंत मी तिची राणीसरकार. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातात एक वडी ठेवली. खोबरेल तेलाची, शुभ्र, जड, अत्तराबित्तराचा पत्ता नाही. आणि वडीवर लहान मुलाचं एक पाऊल. खाली दाबलेलं नव्हे, वर उठून आलेलं. टाच, मधली खळगी, पाच बोटं. जणू साबणाच्या आत कुणी मूल उताणं निजलंय आणि त्याचा एक तळवा तेवढा वर आलाय.

आमच्या कंपनीतला खलनायक फार गमत्या माणूस होता. प्रयोग संपला की तो कपडेपटाच्या दारात उभा राहून ओरडायचा, "मावशी, आज मला कितव्या वर्षाची लाथ?"

"तुला पाचवी. खाऊन गप झोप."

"जगात सगळ्यांचे खून पाडायचे मी आणि रोज तोंडावर लाथ मारायची ती एवढ्याशा पोरीनं!"

"म्हणून तर तोंड माणसासारखं दिसतंय अजून."

कितवी लाथ, याला अर्थ होता. तो सांगायला मला थोडं मागं जावं लागेल.

मावशीचा नवरा कंपनीचा सुतार. त्याला आम्ही सुतारदादा म्हणायचो. राजवाडे, तुरुंग, होड्या सगळं तो उभं करायचा. पण आधी प्रत्येक गोष्ट निम्म्या मापात करून बघायची त्याची पद्धत होती. "निम्म्यात चूक झाली तर निम्मंच लाकूड जातं," म्हणायचा. बोलणारा माणूस नव्हता. महिन्याकाठी त्याची जेवढी वाक्यं ऐकली असतील तेवढी मी एका स्वगतात म्हणत असे.

त्यांना एक मुलगी होती. नाटकाला तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो. ती तिसरी घंटा वाजवण्याचा हक्क तिनं चालायला लागल्यापासून आपल्याकडे घेतला होता. तिला कडेवर घेऊन उभं राहावं लागे आणि ती दोन्ही हातांनी दोरी ओढायची. म्हणून ती आमची घंटी.

घंटी वर्षाची झाली तेव्हा मावशीनं नवऱ्याकडे साबणासाठी साचा मागितला. तिचा एक घाणा आठ वड्यांचा व्हायचा, म्हणून आठ खण. सुतारदादानं साचा केला आणि पहिल्या खणाच्या तळाशी, गंमत म्हणून, लेकीचं पाऊल कोरलं. कागदावर तिला उभी करून पेन्सिलीनं रेघ मारली, कंपासनं माप निम्मं केलं आणि बारीक पटाशीनं खोदलं. पुढच्या वाढदिवसाला दुसऱ्या खणात दुसऱ्या वर्षाचं. मग तिसरं. घंटीला ते फार आवडायचं. पाऊल काढून घेताना गुदगुल्या होतात म्हणून ती किंचाळायची आणि आम्ही सगळे तालीम सोडून बघायला जायचो.

खण आठ होते. कोरून झाले सहा.

सातव्या वाढदिवसाला वीस दिवस होते. कंपनी दौऱ्यावर होती, ताप आला, तीन दिवस राहिला आणि चौथ्या दिवशी घंटीला घेऊनच गेला. मला आठवतं ते एवढंच. त्या संध्याकाळचा प्रयोग रद्द झाला, तरी तिसऱ्या घंटेच्या वेळेला आम्ही सगळे कारण नसताना रंगमंचावर येऊन उभे राहिलो होतो.

मावशीजवळ तेव्हा महिनाभर आधीचा घाणा होता, नुकताच वापरायजोगा झालेला. त्यातल्या कोऱ्या वडीनं तिनं लेकीला शेवटची आंघोळ घातली. पावलांच्या सहा वड्या तिनं एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आणि डबा ट्रंकेच्या तळाशी गेला. साचाही गेला.

वर्षभर साबण झाला नाही. आमची तोंडं पुन्हा फुटायला लागली. कुणी साबण मागितला नाही. मग एके सकाळी कपडेपटातून कॉस्टिकचा उग्र वास आला. मी धावत गेले. मावशी खिडकीपाशी उभी राहून पाण्यात कॉस्टिक सोडत होती आणि टेबलावर साचा उघडा होता. शेजारी सुतारदादा भिंतीला टेकून उभा.

"तुमच्या थोबाडांसाठी नाही करत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तो साचा तिथं बंद पडून होता ना, मला झोप लागेना. दर महिन्याला एकदा तरी तिला बाहेर काढायला पाहिजे."

सुतारदादानं मान हलवली. सातवा आणि आठवा खण कोरेच राहिले. त्या दोन कोऱ्या वड्या कपड्यांना आणि पावलांच्या सहा आम्हाला. नवीन येणाऱ्याला पहिल्या वर्षाचं पाऊल मिळायचं. मग जसा माणूस कंपनीत मुरेल तसं त्याचं पाऊल मोठं व्हायचं. मला सहावं मिळायला अकरा वर्षं लागली. ते मिळालं त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढी कुठल्या पदकाला रडले नाही.

पुढं काय, ते सगळ्या कंपन्यांचं होतं तेच झालं. प्रेक्षक घरी बसले, पडदे विकले गेले, खलनायक त्याच्या मुलाकडे राहायला गेला. सुतारदादा एका दुपारी रंधा हातात असतानाच बसला तो उठला नाही. मावशी एका गल्लीच्या टोकाला, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला लागली आणि मी त्याच गल्लीत, चार घरं अलीकडे. साबण चालूच होता. आता गल्लीतल्या बायका न्यायच्या, तान्ह्या बाळांसाठी. पाऊल बघून म्हणायच्या, "किती गोड!" मावशी म्हणायची, "हो ना." एवढंच.

मी दुपारी चार वाजता तिच्याकडे जायची. ती घोटत असली की मी स्टुलावर बसून बघायची. तिची शिस्त कडक. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकमध्ये पाणी कधीच नाही. "उलटं केलंस तर तोंडावर उडेल, मग राण्या नाही, चेटकिणीच कराव्या लागतील." मग ते निवू द्यायचं, तेलात ओतायचं आणि घोटत राहायचं, पळीची धार वर पडल्यावर रेघ मोडेनाशी होईपर्यंत. मग साच्यात. वर जुनं कांबळं.

इतर लोक लाकडी साच्यात आधी कागद घालतात, म्हणजे कॉस्टिक लाकडाला लागत नाही. मावशीला ते चालत नसे. कागद घातला की पावलाची बोटं उमटत नाहीत, नुसता गोळा येतो. ती आतून तेलाचं बोट फिरवायची आणि थेट ओतायची. आणि कच्चा साबण दर खेपेला लाकूड थोडंसं खायचा. नखाच्या धारेएवढं. एका घाण्यात काहीच दिसायचं नाही. पण पंचेचाळीस वर्षांचे घाणे झाले.

पहिल्या वर्षाचं पाऊल सगळ्यांत उथळ होतं, ते आधी गेलं. आधी करंगळी, मग शेजारची दोन बोटं. शेवटी वडीवर नुसता फुगवटा यायचा, गालावर डास चावल्यासारखा. दुसऱ्याची बोटं एकमेकांत मिसळली. मला दिसत होतं. मावशीला दिसत नव्हतं, कारण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते.

"माझे डोळे पार गेले गं," ती वडी नाकाशी धरून म्हणायची. "घंटीची बोटंसुद्धा मला धड दिसत नाहीत."

मी तिला काय सांगणार? डोळे नाही गेले मावशी, बोटं गेलीत?

मग तिच्या भाचीनं तिला डॉक्टरकडे नेलं आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. एका डोळ्याची आधी, पंधरा दिवसांनी दुसऱ्याची. महिनाभर धूर नको, वाफ नको, कॉस्टिक तर नकोच. सगळे खूश होते. मी मात्र दिवस मोजायला लागले. पट्टी सुटेल, मावशी घरी येईल, साचा हातात घेईल, आणि तिला लख्ख दिसेल.

मी आयुष्यभर लोकांना शेवटच्या अंकात चकित करत आले. वाटलं, इथंही करीन.

मावशी भाचीकडे राहायला गेली त्या दिवशी मी तिच्या खोलीतून साचा उचलला. तिची किल्ली माझ्याकडे असायची. तिला विचारलं नाही. गल्लीच्या मागं एक म्हातारा ओतारी होता, दिव्यांच्या बैठका आणि दारांच्या मुठी ओतणारा. फार हुशार हात. मी साचा त्याच्यापुढे ठेवला.

"याची नक्कल हवी. न झिजणारी. आणि फार जड नको, म्हातारीला उचलता आली पाहिजे."

"मग ॲल्युमिनियम," तो म्हणाला. त्यानं खणांतून अंगठा फिरवला. "हे झिजलंय बरंच."

"जे झिजलंय ते नीट करून द्या. पहिल्यासारखं."

हे माझे शब्द. एका अक्षराचाही फरक नाही. वाक्यं पाठ करणं हाच माझा धंदा होता.

वीस दिवसांनी त्यानं गोणपाटात गुंडाळून साचा दिला. "मेणात नक्कल काढली, बोटं मेणात कोरली, मग ओतलं. सगळं पूर्ण केलंय. मापं बरोबर सापडली मला, दर खणाला किती वाढायचं ते." त्याचं तोंड फुललं होतं. मी गोणपाटाचा एक कोपरा उचलला. पहिला खण. आत एक चिमुकलं पाऊल आणि पाच बोटं, करंगळीसकट. माझ्या डोळ्यांना धार लागली. पुढचं काही मी बघितलंच नाही. तसंच गुंडाळून घरी आणलं.

मावशी परत आली त्या दिवशी मी तिच्या टेबलावर नवा साचा झाकून ठेवला, वर माझा जुना जरीचा शेला. मला नाट्य हवं होतं ना! ती आली, नवीन डोळ्यांनी खोलीभर बघितलं.

"अगंबाई, केवढी कळकट खोली ही! आणि तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"पाच अंक झाले मावशी. बस इथं. हे उघड."

तिनं शेला बाजूला केला. पहिल्या खणावर बोट ठेवलं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेक बोट मोजलं. तोंडावर हसू आलं, ते मी घंटीच्या वेळेनंतर बघितलं नव्हतं. मग दुसरा खण. तिसरा. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. सहाव्यानंतर तिचं बोट पुढं सरकलं आणि थांबलं.

"हे काय?"

मी वाकून बघितलं. सातव्या खणात पाऊल होतं. आठव्यातही. सुबक, ठसठशीत, एकापेक्षा एक किंचित मोठं. ओताऱ्याला पहिला खण जवळजवळ सपाट दिसला होता. हे दोन पुरते सपाट. त्यानं धरून चाललं की तेही झिजलेत. आणि मी सांगितलं होतं, झिजलंय ते नीट करा.

मी खण पुन्हा मोजले.

"राणीसरकार," ती हळूच म्हणाली, "माझी पोर सहाची होती."

मी रडत, अडखळत सगळं सांगितलं. ओताऱ्याला शिव्या दिल्या, स्वतःला दिल्या. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. म्हणाली, "माझा कुठंय?" मी पिशवीतून जुना साचा काढून दिला. तिनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि खिडकीकडे ओढले. बराच वेळ जुन्याच्या पहिल्या खणात बघत राहिली.

"म्हणजे माझे डोळे नव्हते," ती म्हणाली. "मी केलं हे."

"मावशी, साबणानं केलं."

"साबण कोण करतं?"

मग तिनं नव्या साच्यावर बोटाचं पेर वाजवलं. खण्ण. "ॲल्युमिनियम?"

"तुला हलकं पडावं म्हणून."

"इतकी वर्षं माझा साबण लावतेस आणि एवढं ठाऊक नाही? ॲल्युमिनियमला कॉस्टिक लागलं की ते उकळायला लागतं. माझं एक नवंकोरं पातेलं गेलं होतं तसं, लग्नातलं. दोन घाण्यांत याची बोटं खाऊन टाकील." आणि मग माझं तोंड बघून तीच मला समजवायला लागली. "अगं रडू नकोस. तू चांगल्यासाठीच केलंस. नाक पूस."

मी म्हणाले, ओताऱ्याकडून ती दोन पावलं घासून काढते. ती म्हणाली, "हात लावू नको त्याला. राहू दे."

आठ दिवस ती त्याबद्दल बोलली नाही. मी जायची, ती भाजी निवडत असायची नाही तर काही शिवत. नवा साचा फळीवर. नवव्या दिवशी चार वाजता गेले तर शेगडीवर पाण्याचं पातेलं, त्यात दुसरं भांडं, आणि टेबलावर किसणी. किसणीशेजारी पत्र्याचा डबा.

तो डबा मी पंचेचाळीस वर्षांत बघितला नव्हता, पण लगेच ओळखला. आत सहा वड्या. पिवळट, हस्तिदंतासारख्या, कडांना तडे गेलेल्या. पण पावलं! साचा नवा असतानाची. नखंसुद्धा कळत होती. सुतारदादानं नखं कोरली होती हे मी विसरूनच गेले होते.

"मावशी," मी जवळजवळ ओरडले, "अगं, यांच्यावरून नवा लाकडी साचा होईल! अस्सल! कुठल्याही सुताराला दे—"

"होईल की."

"मग ही किसणी कशाला?"

तिनं पहिल्या वर्षाची वडी उचलली. "जुन्या साबणात कॉस्टिक उरलेलं नसतं. किसून, थोडं पाणी घालून वितळवला की कुठल्याही भांड्यात दाबता येतो. हा त्याला काही करणार नाही." 'त्याला' म्हणजे नव्या साच्याला.

"पण ही एवढीच राहिलीत तिची. पुन्हा नाही मिळायची."

"ठाऊक आहे." ती स्टुलावर बसली. "ऐक. तुझ्या सुताराकडून नवा साचा करून आणला, तर त्यात काय? परत सहाच. मी पंचेचाळीस वर्षं तिला सहाची धरून बसलेय. साच्यातून काढायची, परत आत घालायची. त्या ओताऱ्यानं न विचारता तिला दोन वर्षं वाढवली. मी आठ दिवस त्या पावलांकडे बघतेय. टाच जरा रुंद केलीय मेल्यानं, ती यांच्यासारखी निमुळती होती." यांच्यासारखी म्हणजे सुतारदादासारखी. "पण मला बघायचंय. एकदा. आणि ते दुसऱ्या साबणाचं नको, तिच्याच साबणाचं हवं."

"मग निदान एक तरी ठेव. सहावी ठेव."

"एकीला ठेवायचं आणि पाचजणींना किसायचं? तसं नको. धर तो डबा."

तिनं किसायला घेतलं. साबण दगडासारखा झाला होता, कीस धुळीसारखा पडत होता. पहिल्यांदा नखं गेली, मग बोटं, मग खळगी. सहावीला तिचे हात थकले. तिनं वडी माझ्याकडे सरकवली आणि तोंड खिडकीकडे केलं. मी किसली. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत अवघड भूमिका, आणि तिला एकही वाक्य नव्हतं.

लगदा झाला तो तिनं फक्त सातव्या आणि आठव्या खणात दाबला, चमच्याच्या पाठीनं, कोपऱ्यांत नीट. उरलेला एका पातेल्यात. "हा कपड्यांना," म्हणाली. सवय.

चार दिवसांनी साचा उलटा करून तिनं पाठीवर थोपटलं, बाळाला ढेकर काढायला थोपटतात तसं. सातवी वडी निघाली. मग आठवी. रंग जुन्या दातांसारखा, मध्ये मध्ये भेगा, पण पावलं स्वच्छ उठली होती. मावशीनं गळ्यातली शिवणाची टेप काढली, आठव्या पावलाचं माप घेतलं, दुप्पट केलं, खाली बसून फरशीवर खडूनं खूण केली. मग दुसरी. मग मधली रेघ जोडत तिनं तळवा काढला, खऱ्या मापाचा. आणि चप्पल काढून आपलं पाऊल त्याच्या शेजारी ठेवलं.

"माझ्याहून दोन बोटं लहान," ती म्हणाली. "आणखी दोन-तीन वर्षांत माझ्या चपला पळवल्या असत्या."

मग ती रडली. सुतारदादा गेला तेव्हा रडली नव्हती अशी. मी फरशीवर तिच्याजवळ बसून राहिले. खडूच्या पावलावर पाय पडू नये एवढी मात्र दोघीही काळजी घेत होतो.

आठवी वडी तिनं स्वतःला ठेवली. सातवी मला दिली. "रोज लाव. सहावं पाऊल झालं होतं ना तुझं? ही बढती."

ती दुसऱ्या सकाळपासून आठव्या वडीनं आंघोळ करायला लागली. दुसऱ्या कुणी ती जपून ठेवली असती. मी माझी ठेवलीच. घरी आले, सातवी वडी मलमलीच्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्या मुकुटाच्या पेटीत ठेवली. मुकुट केव्हाच गेला होता, पेटी होती. आता तिच्याकडे दुसरी वडी मागायची सोय नव्हती. मावशीनं विचारलं की मी म्हणायची, "लावते गं, लावते."

जुना साचा तिनं पुन्हा चालू केला. कागदाशिवायच. पुढच्या घाण्याला पहिल्या खणाची वडी पूर्ण कोरी निघाली, सातव्यासारखी. तिनं ती हातात फिरवली आणि कपड्यांच्या वड्यांत ठेवली.

तो शेवटचा घाणा. मग तिच्या छातीत कफ भरला आणि भाचीनं तिला इस्पितळात ठेवलं. मी रोज भेटीच्या वेळेला जायची. नळ्या, वाफ, खाटेला टांगलेला कागद. दिवसेंदिवस ती लहान होत चालली होती. तिच्या उशाशी साबणदाणीत आठवी वडी होती, बिस्किटाएवढी उरलेली. पाऊल केव्हाच गेलेलं. नर्स म्हणाली, "दुसऱ्या कशानंही आजी तोंड धुऊ देत नाहीत."

सहाव्या दिवशी दुपारी गेले तर तिचे डोळे मिटलेले होते. मी खुर्ची ओढून बसले, तिच्या हातावर हात ठेवला. ती जागी होती. तिनं माझा हात सावकाश वर ओढला, नाकाशी नेला आणि लांब श्वास घेतला. त्यानंतर ती दोन दिवस होती, पण कुणाशी काही बोलली नाही. बोलली ते त्याच दुपारी, माझ्याशीच.

तिथून मी घरी आले, मुकुटाची पेटी उघडली आणि फडकं सोडलं. आज त्याला पाच महिने झाले. सातवी वडी माझ्या न्हाणीघरात आहे. करंगळी गेली, खळगी भरून सपाट झाली, टाच अजून हाताला लागते. रोज सकाळी तोंडाला फेस लावते तेव्हा डोळे मिटावे लागतात, आणि डोळे मिटले की ती दुपार येते, माझा हात तिच्या नाकाशी, आणि तिचा खरखरीत, रागावलेला आवाज:

"अजून वापरली नाहीस ना तिला? हाताला दुकानातल्या साबणाचा वास येतोय."